खर्ज कुठे बसतो

तापकीर गल्लीतून टेम्पोत घालून आणला.
पंधरा इंची शंकू, अडतीस किलो,
दोन हमाल, तीन मजले, लिफ्ट बंद.
धनकवडीतली आमची खोली दहा बाय अकरा.
वृंदा म्हणाली, "हा राहणार, की आपण?"

पहिल्या रात्री पखवाजाची सीडी लावली.
धा पडला आणि पडूनच राहिला
कोपऱ्यात, ओल्या गादीसारखा.
माझे दोन जुने स्पीकर, सडपातळ, नीटस,
वीस वर्षं झेपेल तेवढंच बोलत आलेले;
त्यांच्या प्रत्येक वाक्यावर हा गुरगुरायचा.
खुर्चीत मात्र काहीच नाही.
सगळा खर्ज स्वयंपाकघरात, डब्यांच्या झाकणांवर.

गणित सोपं आहे. पन्नास हर्ट्झच्या आसपासची लाट
बावीस फूट लांब. खोली अकरा.
ती भिंतीला टेकते, वळते, स्वतःलाच भेटते
आणि बरोबर मध्ये, मी बसतो तिथे,
स्वतःलाच पुसून टाकते.

खुर्ची दीड फूट मागे सरकवली.
तीत त्यालाच बसवला (खुर्ची करकरली)
आणि मी रांगत निघालो, बावन्नाव्या वर्षी,
भिंतीभिंतीने, कान फरशीपासून वीतभर.
"काय हरवलं?"
"खर्ज."
"पलंगाखाली बघ. तिथे सगळं सापडतं."

खालचे उंब्रजकर वर आले. भांडायला नाही,
हातात ताटली होती. "ही वाजते," म्हणाले,
"मांडणीत बाकी सगळे गप्प, ही एकटीच."
ताटली इथेच ठेवून खाली गेले, फोनवर राहिले.
मी बटण केसभर फिरवायचो.
"आता?"
"झाकणी."
"आता?"
"थांबा... फक्त चिमटा."

जागा सापडली ती दाराआड, इस्त्रीच्या टेबलापाशी.
राहिला फेजचा खटका: शून्य की एकशेऐंशी.
वृंदाला खुर्चीत बसवलं. तिला यातलं काही नको असतं.
"हा?"
"कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतंय."
"आणि हा?"
ती बराच वेळ बोलली नाही. मग इकडेतिकडे बघत,
"डबा बंद केलास का?"
चालू होता. मी बंद करून दाखवला.
"अगंबाई," म्हणाली. "मीठ."

आता दार पाऊणच उघडतं.
धुण्याची बादली आधी आत, मग आपण, तिरके.
उंब्रजकरांची ताटली अजून डब्यावरच आहे.
पखवाज चालू असला तरी वाजत नाही.
रिकामी कशी परत द्यायची,
म्हणून वृंदा थांबली आहे.