चार विसा

हळदीच्या पेठेत नाक कायम चोंदलेलं,
त्यामुळे अनुनासिकं मला आपोआप जमतात.
बाँजूर. पाँ. वँ.
गोण्या मोजता मोजता हळूच म्हणते,
मालकांना वाटतं सर्दी झाली,
ते सुंठेची गोळी पुढं करतात.
मेर्सी, म्हणते मी.
मिरची? आज नाही, ते म्हणतात,
मिरची गुरुवारी येईल.

नजमा मिरजेत नर्स, रात्रपाळीची.
दोघींत मिळून एक वही, दोनशे पानी,
पुढून फ्रेंच, मागून खर्च.
मागची पानं भराभर भरतात.
विमान: दोन ठिकाणी थांबणारं, मंगळवारचं.
झोपायला: आठ जणींची खोली, एकावर एक खाटा.
(वर कोण चढणार? तू. माझे गुडघे रात्रपाळीचे आहेत.)
खायला: दशम्या, मेतकूट, भडंग तीन किलो,
आणि तिथला पाव, तो काय मिळेलच.
तो उंच मनोरा खालून बघायचा.
खालून फुकट आहे.

पुढच्या पानांवर मात्र
मी साठाशी येऊन थांबले.
साठानंतर त्या लोकांनी हातच टेकलेत.
सत्तर म्हणजे साठ-दहा,
ऐंशी म्हणजे चार-वीस,
नव्वद म्हणजे चार-वीस-दहा,
कात्र-वँ-दीस.
तीस वर्षं खातेवही लिहिते मी,
एकोणऐंशी आणि एकोणनव्वद
झोपेतसुद्धा वेगळे सांगेन,
आणि या नव्वदाला रोज ठेच.

हौसाक्का खाली बसून
सांडलेली हळकुंडं गोळा करत होती.
काय गं पुटपुटतीस सकाळधरनं?
व्हिसाची फी, हौसाक्का.
किती विसा?
विसा नव्हे गं, व्हिसा. कागद असतोय. नव्वद युरो.
म्हंजी चार विसा दहा, ती म्हणाली,
आणि सुपातला खडा वेचून लांब फेकला.

मी पेन खाली ठेवलं.
परत म्हण.
चार विसा दहा. त्यात काय हाय?
आमची आय अंडी अशीच मोजायची,
पाच विसा झाली की पाटी भरली.

मग मी तिला फ्रेंच म्हणायला लावलं.
मिश्रीचं बोट दाताशी तसंच ठेवून
ती म्हणाली, कात्र-वँ-दीस,
आणि तो वँ मोबाइलमधल्या बाईपेक्षा
खोल, नाकाच्या पार मागून आला.
वर विचारलं, तिकडं हळदीला भाव काय?
ठाऊक नव्हतं.
वहीत टिपून ठेवलं: काँबियँ, हळद.
शेर म्हणजे तिकडं महाग, हे तिला सांगितलं नाही.
तिचा शेर पायलीतला.

पुण्याला ठसे द्यायला पहाटेच्या एसटीनं गेलो.
नजमाचे एका झटक्यात उमटले.
माझी बोटं मशीनला तीनदा पटेनात,
रेषारेषांत हळद.
काउंटरवरच्या पोरानं ओला कागद दिला,
तो पिवळाजर्द झाला,
त्यानं आणखी एक दिला,
मग माझ्याकडे बघून म्हणाला, काकू, लग्न आहे का घरात?
चौथ्या वेळी उमटले.
उत्तराला पंधरा दिवस.

आज अकरावा.
संध्याकाळी आयर्विनवर उभी आहे,
पाँ म्हणजे पूल, हे पहिल्याच पानावरचं.
नदी पार तळाशी, शहाण्यासारखी.
खांबावर पुराच्या फुटांचे आकडे
ओळीनं मोजत वर गेले,
दोन विसा, दोन विसा दहा,
पुढचा आकडा मोजला नाही.
त्या पाण्यात आमच्या घरची जुनी वही गेली होती,
ती जाऊ दे.

नजमा पुलाच्या त्या टोकाकडून येतेय,
पिशवी, छत्री, धाप.
पमे! तिनं हाक मारली.
मी सवयीनं ओ दिली.

ती जवळ आली, पिशवीत हात घातला,
आणि बाटली माझ्यापुढं धरली.
घे.
ओ म्हणजे पाणीच ना?