छाट

सँपलच्या खोक्यातून एक काठी आली,
टॉवेल तिला कसा लटकतो ते दाखवायला.
आमच्याकडं गोल्फचे टॉवेल विणतात,
कोपऱ्याला पितळी डोळा, डोळ्यात हूक.
अकरा वर्षं मी डोळे ठोकले,
खेळ कधी पाहिला नव्हता.
गड्डम मॅनेजर म्हणाले, ठेव की बे तुला,
भंगारात काय येणार याचं.
लोखंडी डोकं, त्यावर सातचा आकडा.

डाइंगच्या मागं रिकामा प्लॉट,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला.
काळी माती, भेगा, वेड्या बाभळी,
आणि नाली, आज निळी, उद्या मरून,
ज्या रंगाची ऑर्डर त्या रंगाची.
चेंडू सत्तावीस. चिट्यालच्या दत्तूनं पुण्याहून आणले,
त्याचा भाचा तिथं बॅगा उचलतो.

पहिले चार महिने मी माग झालो.
खट्. खट्. खट्.
एकाच जागी उभा, तोंड एकाच दिशेला,
सत्तावीस मारायचे, वेचायचे, पुन्हा सत्तावीस.
घाम आला की सराव झाला असं वाटायचं.
चेंडू कुठं पडला ते बघतही नव्हतो,
पुढचा लावायची घाई.

एका रविवारी भूलक्ष्मी डबा घेऊन आली.
बाभळीच्या सावलीत सूप मांडीवर घेऊन
विड्या वळायला बसली.
ओकटी, रेंडू, मूडू...
मला वाटलं माझे चेंडू मोजतेय.
मोजत होती विड्याच.
मान वर न करता म्हणाली,
"तुमचे सगळे छाट."

छाट म्हणजे काय हे आमच्या घरात सांगावं लागत नाही.
संध्याकाळी कट्टा सोडतात,
सैल वळलेली, तोंड फुटलेली बाजूला टाकतात
आणि पैसे कापतात.

"हजार वळते मी. पण एक पान दुसऱ्यासारखं नसतंय,
शिर कुठून जाते बघावं लागतंय.
तुम्ही काय बघता?"

उठली.
रंगाचा फुटका ड्रम लोळवत नेला चाळीस पावलांवर,
त्याच्या अलीकडं घमेलं,
सुताचे रिकामे कोन इकडंतिकडं फेकले,
आणि फांदीला बांधला सेकंड क्वालिटीचा एक टॉवेल, मरून.
"आता आधी बोलायचं, मग मारायचं.
एक जागा लागोपाठ दोनदा नाही.
पाच छाट झाले की भाकरी तुम्ही थापायची."

नऊ चेंडूंत माझे पाच छाट झाले.
त्या रात्रीची भाकरी,
शेंगाचटणीखाली झाकली तरी कडा दिसत होत्या.

आता सत्तावीस मारत नाही. नऊच.
प्रत्येकाच्या मागं जाऊन उभा राहतो,
बॉयलरच्या चिमणीचा धूर कुठं वाकलाय ते बघतो,
तोंडानं बोलतो: घमेलं.
कधी घमेलं, बऱ्याचदा नाली.
मरून झालेला चेंडू धुतला तरी गुलाबीच राहतो.
चहाच्या सुट्टीत पोरं येतात, भज्यांची पैज लावतात,
प्रॉडक्शनच्या फळ्यावर कोपऱ्यात खडूनं
माझे छाट लिहितात, गड्डमना दिसतील असे.
जूनमध्ये सलग सहा दिवस मी थापल्या.
सातव्या दिवशी तिनं पीठ मळूनच ठेवलेलं.

हिरवळ मी अजून पाहिली नाही.
विचारलं कुणी तर सांगतो, ड्रमपर्यंत येतं मला.

परवा गुरुवारी वीज गेली.
चोवीस माग एकदम गप्प,
स्वतःचा श्वास ऐकू यावा असं गप्प.
मी म्हटलं, ड्रम.
आणि ड्रम वाजला,
पत्र्याच्या शेडभर वाजत राहिला.
आतून, अंधारातून, कुणीतरी ओरडलं, "ओकटी!"
मग सगळेच थांबले, दुसऱ्यासाठी.

दुसऱ्याच्या मागं मी इतका वेळ उभा राहिलो
की वीज आली.