मूस

सकाळचे सात. पण सकाळ म्हणावं असं काहीच नाही.
डिसेंबरात अँकरेजला उजाडतं दहाला,
तेही उसनं मागून आणल्यासारखं.

लिगाया रात्रपाळी संपवून गल्लीत वळली
आणि गाडीच्या दिव्यांत तिला वाटलं,
दारासमोर कुणीतरी जुनं कपाट आणून टाकलंय.
कपाटाने कान हलवले.

मूस. मादी.
उभी असती तर घोड्याहून उंच,
पण बसली होती,
ते लांबच लांब पाय पोटाखाली दुमडून
बरोबर पायऱ्यांच्या तोंडाशी,
जशी काही घरपट्टी तीच भरते.
दारावरची हिरवी माळ निम्मी खाऊन झाली होती.
उरलेली निम्मी तोंडात.
खिडकीत लिगायाचा कागदी चांदणीचा कंदील,
(तिच्या बेटावर त्याला पारोल म्हणतात)
लाल व्हायचा, हिरवा व्हायचा,
आणि त्याबरोबर मूसही.

तिने शेजारच्या सेफोला फोन लावला.
हॉर्न वाजवू नकोस, तो म्हणाला,
मागच्या साली टपालगाडीचं दार चेपलं होतं हिनेच,
की हिच्या आईने, कोण जाणे.
मानेवरचे केस उभे राहिले, कान मागे पडले, की समज.
मग पळायचं, झाडाच्या आड.
इथे झाड कुठंय, सेफो?
तो जरा थांबला.
मग गाडीतच बस.

टाकीत पाव भाग पेट्रोल. बाहेर उणे एकोणीस.
शाळेची बस आली, दिवे मंद करून उभी राहिली.
समोरच्या घरातला माणूस डबा घेऊन निघाला,
पाहिलं, आणि डबा घेऊनच आत गेला.
सगळी गल्ली कामाला उशीर करून बसली होती
आणि मूस रवंथ करत होती.

लिगायाचे पाय ठणकत होते.
चार वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरच्या खोलीतले
हॉल्वर्सन गेले. एक्क्याण्णव वर्षं, त्यातली चाळीस समुद्रावर.
जाताना काही बोलले नाहीत,
फक्त जाळं ओढावं तशी चादर ओढली दोनदा.
त्यांना नेल्यावर तिने चादर काढली.
गादीत पाठीएवढा खड्डा, अजून कोमट.
तिने त्यात हात ठेवला,
कामाला लागतो त्याहून जास्त वेळ.
फॉर्मवर तशा वेळेचा रकाना नसतो.

काचेतून मूस तिच्याकडे पाहत होती, किंवा पाहत नव्हती.
तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघायची,
गाडीच्या नळीतून धूर निघायचा,
दोघींचं मिळून एक ढगूळ
रस्त्याच्या दिव्याखाली घुटमळत राहिलं.
थकली असशील तूही, लिगाया म्हणाली, बिसायात,
कारण इंग्रजीत हे फारच कामाचं वाटलं असतं.
दोन मिनिटं डोळे मिटते.

काचेवर टकटक.
उजाडलं होतं, राखेच्या रंगाचं.
पायात चपला, अंगात जाड कोट, सेफो उभा.
गेली, तो म्हणाला, कुंपणावरून गेली,
कुंपण नव्हतंच असं समजून.

पायऱ्यांपाशी बर्फात
एक लांबोडा खळगा राहिला होता.
कडा वितळून पुन्हा गोठलेल्या, गुळगुळीत,
तळाशी दबलेलं पिवळं गवत
आणि चार-दोन राठ केस.
ओतकामाच्या मुशीसारखा,
फक्त ओतलेलं उठून चालतं झालेलं.

लिगायाने हातमोजा काढला, खाली बसली.
काय हरवलंय का? सेफोने विचारलं.
नाही, ती म्हणाली,
आणि हात तिथेच ठेवला.