सात नंबरला पाटी नाही

वऱ्हांड्यात पाटी आहे : आपण कॅमेऱ्यासमोर आहात.
वर कन्नड, खाली मराठी.
आमच्या बेळगावात अक्षर बोटभर लहान झालं
तरी बंद पुकारतात, काचा फुटतात.
सात नंबरच्या खोलीत पाटीच नाही,
कुठल्याच भाषेत नाही,
त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही.

घड्याळ खडेबाजारातलं. बाराच्या आकड्यात भोक.
बसवायला आलेला मैनुद्दीन शिडीवरून म्हणाला,
"सिस्टर, सेल तेवढा बदलत ऱ्हावा हं.
बंद घड्याळाकडं माणूस जास्त बघतंय."

मी खाली स्टोअरमध्ये, सलाईनच्या खोक्यांत.
एक स्टूल, एक पडदा, एक वही.
आवाज येत नाही.
बाई बाळाशी ओठ हलवते,
मराठीत की कन्नडात, कळत नाही.
इथं माणूस भेटला की
आधी तेवढंच तर कळून घेतात.

पहिली होती गोकाकची नीलव्वा.
पोराला झटके यायचे, ते फक्त तिच्यासमोर.
डॉक्टर हेरेकरांनी 'फक्त'खाली रेघ मारली होती.
सहा रात्री पाहिली मी ती बाई :
तटतटलेलं दूध वाटीत पिळताना,
पाळीचं कापड बदलताना,
दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून,
नेमकं त्याच भिंतीकडे.
एकदा घड्याळाला हात जोडले तिने.
पहाटेचे चार वाजले होते,
रात्र सरली म्हणून असेल.

सातव्या दिवशी पोराला झटका आला
राउंडवर, सगळ्यांदेखत.
नीलव्वा तेव्हा खाली औषधाच्या रांगेत होती.
घरी जाताना करदंटचा पुडा दिला मला, दोन्ही हातांनी.
"निमगू निद्दी इल्ल, अक्का."
तुम्हालाही झोप नाही.
पुडा अजून फडताळात आहे,
डिंक दगड झालाय.

मग ही. नाव लिहीत नाही.
निपाणीकडची, शिकलेली,
आम्हा सगळ्यांना नावानिशी ओळखणारी,
फायलीतलं प्रत्येक औषध तोंडपाठ.
अकरा महिन्यांचं पोर तीनदा निळं पडलेलं.

डॉक्टर म्हणाले, "लगेच धावू नका.
उशी उचलली म्हणजे पुरावा नव्हे.
वकील म्हणेल, नीट करत होती."
मग किती वेळ, मी विचारलं.
ते चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या रात्री, दोन वाजून दहा.
आधी तिने कडी चाचपली.
मग बाळाच्या कपाळावरचे केस मागे सारले,
मायेनं. खरंच मायेनं.
हे मी कोर्टातही सांगितलं,
कुणी लिहून घेतलं नाही.
मग उशी.

एक.
दोन. नीट करत असेल.
तीन.
चार. देवा, नीटच करत असू दे.
पुढचे आकडे मला सलग आठवत नाहीत.
पाय आठवतात, पडद्यावरचे,
सायकल मारल्यासारखे.
बेल पहिल्यापासून बोटाखाली होती.
अकराला दाबली.

वरच्या ड्यूटीवरची शकुंतला धावली,
मी बावीस पायऱ्या चढून पोचले
तोवर पोर रडत होतं.
एवढं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.
आता ते मावशीकडे असतं, चिकोडीला,
भिंत धरून चालतं म्हणे.
सगळे म्हणतात, कॅमेरा होता म्हणून वाचलं.
खरंय. मीही तेच सांगते.
पाटी लावली असती तर
चौथ्यांदा ते निळं झालं असतं, आमच्या नाही, तिच्या घरी.
एवढं मला कळतं.

पण एक ते अकरा मी कोण होते?
चित्रफितीत ती दिसते, उशी दिसते,
कोपऱ्यात सेकंद पळताना दिसतात.
स्टुलावरची बाई त्यात कुठेच नाही.

आज सातमध्ये अथणीची एक आलीय.
पिशवी ठेवली, पोर झोपवलं,
दाराकडे पाठ केली
आणि पदर सोडला भिंतीकडे वळून.

मी स्टूल फिरवलं, खोक्यांकडे.
मोजत राहिले.
नऊला मान आपोआप वळली.