रकाना सात

कार्यालयातून नवा नमुना आला,
दोन्ही बाजूंनी छापलेला, शाई पलीकडून अलीकडे उतरलेली.
रकाना सात : प्रवाह नाव्य आहे काय? होय / नाही.
नको ते खोडावे.

मी चिचघाटच्या चौकीवरचा मोजणीदार.
सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच,
वैनगंगेच्या पट्टीवरचा आकडा वहीत उतरवतो.
मीटर मला कळतो, सेंटिमीटरही.
हा शब्द कधी तोंडात आला नव्हता.
आधी वाटलं, छपाईची चूक.
नव्य असेल. किंवा काव्य,
पण पाटबंधारेवाले ते कशाला विचारतील?

आश्रमशाळेत लांजेवार बाईंच्या कपाटात एक कोश आहे.
वाळवीनं मागून खायला घेतला तो प-पर्यंत आली आहे.
न अजून शाबूत.
नाव्य, विशेषण : ज्यातून नाव जाऊ शकते असे.
खाली उदाहरण नव्हतं.
बाई म्हणाल्या, "वापरात नसेल. लिहून टाका काहीतरी."

घाटावर बारसू मारबते डोंग्याच्या बुडाला डांबर फासत होता.
विचारलं, काका, ही नदी नाव्य आहे का?
त्यानं कुंचला डब्यात बुडवला, काढला, निथळू दिला.
"आमी डोंगा मनतो, साहेब.
नाव तं मान्साले असते."

मग त्यानंच मला विचारलं,
"कोन्या महिन्याचं लिवाचं हाय?
भादव्यात नदी डोंग्याले नेते, मान्सानं निस्तं बसाचं.
कार्तिकात डोंगा नदीले नेते.
पुसात बांबूनं रेटा लागते.
चैतात..."
आणि त्यानं नुसता हात केला,
जिथं परवापर्यंत पाणी होतं
तिथं वाळूत डांगरांचे वेल,
आणि वेलांवर राखण करणारं एक पोरगं, तेही झोपलेलं.

"आमचा शबुद हाय एक. नदी उचलते. नाई तं उचलत नाई.
बूड रेती सोडते ना, तवा.
डोयाले नाई दिसत ते, तयपायाले समजते."
पार्बताबाई, त्याची बायको, जाळं विणता विणता म्हणाली,
"टिकारामभावजीले बी डॉक्टर असंच बोलला होता का नाई,
जीव उचलत नाई मनून?"
"डॉक्टर नाई. मी बोललो होतो," बारसू म्हणाला.
पुढं बराच वेळ नुसता डांबराचा वास.

रात्री कंदिलाजवळ नमुना उलटा केला.
पाठीवर बारीक अक्षरांत टीप :
सातव्या रकान्यात लागोपाठ तीन वर्षे 'नाही' आल्यास
घाटाचे नाव यादीतून कमी करावे.
वही काढली. माझ्या आधीच्या मोजणीदारानं
दोनदा 'नाही' लिहिलं होतं, सुवाच्य.
पूल झाल्यापासून घाटाचा लिलाव कुणी घेतला नव्हता,
त्याला तरी काय माहीत.

म्हणजे नाव गेली नाही तर नाव जाणार.
एवढं कोशात नव्हतं.

सकाळी आठचा आकडा घेतला आणि तसाच डोंग्यात बसलो,
चपला हातात.
पाणी पोटरीइतकं. डोंगा हलला, घसटला, बसला.
बारसूनं बांबू टेकवून पाहिला, दोनदा.
मग धोतर वर खोचलं, उतरला, मागून खांदा लावला,
आणि तळपायाला
खरोखर
काहीतरी सुटल्यासारखं झालं.

पल्याड एक म्हातारी थांबली होती, डोक्यावर मोहफुलांची टोपली.
पुलावरून तिला चार कोस पडतात.
तिला पाहून मीही उतरलो.

सातव्या रकान्यात मी काहीच खोडलं नाही.
बाजूला लिहिलं : उचलते. एक माणूस उतरला तर.

मागल्या बुधवारी साहेबांचा फोन आला,
हे काय लिहिलंय, दोनातलं एक सांगा.
म्हटलं, ऐकू येत नाही साहेब, रेंज नाही,
आणि फोन खिशात ठेवून पट्टीकडे गेलो.
बाराचा आकडा, शून्य पूर्णांक एकेचाळीस.