पंचेचाळीस वॅट

नेस्तान चार्जर विसरली. तिकडे त्बिलिसीत, भिंतीतच,
जिथे ती सगळंच विसरते: छत्र्या, किल्ल्या, एकदा एक माणूससुद्धा.
झुगदिदीच्या चौकात तिला आठवलं
तोवर मिनीबस वळून गेली होती.
टेबलावर नवा लॅपटॉप, फरशीसारखा गार,
सव्वीस टक्के,
आणि शनिवारी द्यायची कुणाच्या तरी लग्नाची फिल्म.

मी खण उघडला.
हेझलनट फोडायचा अडकित्ता, दोन उडालेले फ्यूज,
त्सियालाच्या चष्म्याची एक काडी
(टाकेन म्हणतो, पाच वर्षं झाली),
आणि तळाशी वेटोळं घालून बसलेला
तिच्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर,
मानेला मीच गुंडाळलेली काळी पट्टी.

तिने दिव्याखाली धरून बारीक अक्षरं वाचली.
"पंचेचाळीस. याला शंभर लागतात, बाबा. जळेल."

"नाही जळत, बाबा," मी म्हणालो.
(आमच्यात बाप लेकीलाही बाबाच म्हणतो.
कोण कुणाला देतंय, कळत नाही त्यामुळे.)
चौतीस वर्षं धरणाखालच्या वीजघरात काढली मी.
"व्होल्ट चुकले तर धूर.
वॅट म्हणजे नुसती ऐपत."

मग तिने फोनवर काहीतरी वाचलं आणि मलाच शिकवलं:
हल्ली टोक लागलं की आधी ते दोघं बोलतात.
किती देशील?
पंचेचाळीस.
बरं.
"घासाघीस नाही?"
"नाही."
"आणि तोंड वाकडं?"
ती हसली. टोक बसलं.
कोपऱ्यात ओळ उमटली: चार्जर संथ आहे.
माहीत आहे, मी म्हणालो, कुणाला सांगतोस.

पडद्यावर लग्न सुरू झालं.
शिंगातली वाइन सांडत एक जाडा गृहस्थ
मेलेल्यांच्या नावाने प्याला उचलत होता,
संपवतच नव्हता,
आणि आत पंखा घरघरत होता.
पंचवीस. चोवीस.
वायर लावलेली, तरी तेवीस.

तेव्हा मला तो हिवाळा आठवला, नको असताना.
दिवसाला दोन तास वीज, तीही रात्री तीनला.
मी कामावरून यायचो, कानात टर्बाइन घेऊन,
आणि घरात रॉकेलची शेगडी, भिंतीवर काजळी,
सहा वर्षांची ही, हातमोजे घालून गणितं करत.
"तुम्हीच करता ना वीज? मग जाते कुठे?"
मी तिच्या वजाबाक्या तपासल्या.
सगळ्या बरोबर होत्या.

"बंद कर," मी म्हणालो.
"भार जास्त झाला की आम्ही गावं बंद करायचो.
तू निदान त्या जाड्याला बंद कर."
तिने झाकण मिटलं. कुरकुरत झोपायला गेली.

मी बसून राहिलो. काम नव्हतं, तरी.
चार्जरवर तळवा ठेवला:
कोंबडीखालून नुकतंच काढलेलं अंडं असतं, तेवढा ऊन.
जास्त नाही. वास नाही. आवाज नाही.
अशा पाळ्या मी पुष्कळ केल्यात,
फक्त तिथे काट्यांच्या तबकड्या असायच्या
आणि चहा सरकारी.

सकाळी शंभर.
तिने झाकण उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
"रात्रभर इथेच होतात?" म्हणाली.
"डोळा लागला होता," मी म्हणालो.

फिल्म शनिवारी गेली. दिवसा थोडी कापायची,
पडदा मंद, बाकी सगळं बंद,
रात्री मशीन झोपवायचं.
जाड्याचं भाषण तिने निम्म्यावर आणलं. चांगलंच झालं.

रविवारी ती गेल्यावर अडकित्त्यासाठी खण उघडला.
चष्म्याची काडी होती. फ्यूज होते.
तळाशी एक गोल, धूळ नसलेला.

घेऊन गेली.
शंभरवाला तिकडे भिंतीत आहेच तिचा.
आता हाही विसरेल कुठेतरी, त्याच भिंतीत, दुसऱ्या भोकात.