अडीच ते साडेतीन

मंगळवार हा माझा रक्ताचा वार.
आठला दवाखाना उघडते तेव्हा बाहेर उणे एकतीस,
आणि आतल्या दारापाशी ओरेस्ट ह्नातिउक आधीच उभे,
टोपी हातात, टोपीत हातमोजे.

न सांगता बोट पुढे करतात. मधलं.
शेजारच्यात अंगठी, आता सैल झालेली.

सुई टोचताना खोली गप्प होते
आणि ऐकू येते त्यांच्या छातीतली टिकटिक.
बावीस वर्षांपूर्वी एडमंटनला बसवलेली झडप.
मागे एकदा म्हणाले होते,
"ओलेनाला याच्याशिवाय झोप लागत नाही.
तिला वाटतं, थंडीत नळ थेंब थेंब सोडून ठेवलाय,
पाणी गोठू नये म्हणून."

यंत्र जरा वेळ घेतं.
चार पूर्णांक आठ.

आमचा करार अडीच ते साडेतीनचा.
त्याखाली गेलं तर झडपेवर गुठळी,
त्यावर गेलं तर न्हाणीघरात घसरण्याइतकं साधं काहीतरी
आणि डोक्यात रक्तस्राव.
म्हणून विचारते, दर वेळी विचारते तसं.
नवीन औषध? नाही.
गोळी चुकून दोनदा? डबी खिशातून काढून दाखवतात,
वारांची झाकणं नीट रिकामी.
कुठे लागलं? बाही वर करतात:
कोपराखाली जांभळं, कडेला पिवळं पडत चाललेलं.
"पिकअपचं दार. वारा होता."
शौचाला काळं?
"मी गोठ्यात वाढलोय, मार्लीन. काय बघायचं ते कळतं मला."

आणि मग वडिलांच्या गाई.
ओल्या सालात क्लोव्हरचा चारा बुरसला,
फेकून द्यायची ऐपत नव्हती.
एका वासराची शिंगं कापली संध्याकाळी.
रात्रभर राख दाबली, पिठाची पोती दाबली.
सकाळी वासरू पांढरं होतं, म्हणत वडील,
आणि बादलीतलं रक्त तसंच पातळ,
दुधासारखं हिंदकळणारं.
"त्याच बुरशीचं औषध केलंत तुम्ही लोकांनी,
आणि मी ते रोज पाण्याबरोबर घेतो."
हसतात. मीही हसते.
आकडा हसत नाही.

"जेवता काय?"

टिक. टिक. टिक.

"टोस्ट."
अजून?
"टोस्टवर कधी अंडं."
कोबी, पालक, बीटचा पाला?
"ते तिचं खातं होतं."

ऑक्टोबरपासून हिरवं पान नाही पोटात.
माझ्या तक्त्यात दु:खाला रकाना नाही,
मी लिहिते: आहारात बदल.

"तळघरातल्या फ्रीझरात आहे पाला," ते म्हणाले टोपीकडे बघत,
"कणकेला गुंडाळायला ठेवलेला. सोळा पिशव्या.
प्रत्येकीवर तारीख, तिच्या अक्षरात."

काय बोलायचं असतं अशा वेळी,
ते नर्सिंगच्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, आज रात्रीची गोळी घेऊ नका.
डॉक्टरांशी बोलून उद्याचं फोनवर सांगते.
डोकं दुखलं, नाकातून रक्त आलं, पडलात,
तर थांबू नका, सरळ इथे.
आणि पाला. एकदम भरपूर नको, अजिबात नाही असंही नको.
दर आठवड्याला तेवढाच. औषधासारखा.

शुक्रवारी तेच बोट.
तीन पूर्णांक सहा. थोडं वरच, पण उतरणीला.
हातमोजे घालता घालता म्हणाले,
"आता पंधरा."

मी पुढचं काही विचारलं नाही.
रात्री उणे चाळीसला जाणार आहे, म्हटलं,
नळ सोडून ठेवा.